तिसऱ्यांदा विचारेपर्यंत नको

माझी उमाआत्या बॅलिनारला राहते. हे बॅलिनार आयर्लंडमध्ये नाही, आपल्या कॅनडातल्या ऑंटारिओत आहे, मी राहते त्या किचनरहून वायव्येला सव्वा तास. पण हे तिथल्या लोकांना सांगून बघा! यांचे खापरपणजोबा बटाट्याच्या दुष्काळात जहाजात बसून इकडे आले, त्याला पावणेदोनशे वर्षं होत आली, अन् ही मंडळी अजून 'तिकडं आमच्यात असं करतात' म्हणतात, जशी मागच्या मंगळवारी उतरलीत. त्यातल्या निम्म्यांनी आयर्लंड टीव्हीवरसुद्धा धड बघितलेलं नाही.

बॅलिनार म्हणजे एक चौक, अकरा घरं अन् दगडी क्रूसांचं एक कबरस्तान. बाकी सगळं आजूबाजूला वाटून दिलंय. चर्च आणि हॉल सेंट कोलम्सला, दुकान अन् त्यातच पोस्टाची खिडकी डूलिन्स कॉर्नर्सला, गुराढोरांच्या खाद्याची गिरणी ड्रमोर मिल्सला. पत्ता सांगायची तऱ्हा तर विचारूच नका. 'चीज फॅक्टरीपाशी डावीकडे, मग शाळेपाशी उजवीकडे.' चीज फॅक्टरी एकसष्ट साली जळाली. शाळा पाडली त्याला चाळीस वर्षं झाली. म्हणजे नसलेल्या दोन गोष्टींपाशी वळायचं अन् आत्याच्या घरी पोचायचं! पहिल्यांदा गेले तेव्हा पाऊण तास मी त्याच लोखंडी पुलावरून इकडून तिकडे करत होते. फोन केला तर आत्या म्हणते, "अगं, फॅक्टरी दिसली नाही का तुला?" बाप्पा, काय बोलावं?

आत्या पंचाहत्तर साली नागपूरहून लग्न होऊन आली, बावीस वर्षांची. नंदनकाका, म्हणजे तिचे यजमान, या भागातले डॉक्टर. पहिले दोन महिने टोरांटोत एका गोऱ्या बाईच्या घरी खोली घेऊन राहिले होते. ती बाई जेवायला विचारायची. आत्या आपल्या रीतीप्रमाणे म्हणायची, "नको नको." बाई "ओके" म्हणून ताटली उचलून न्यायची. दुसऱ्यांदा विचारणं नाही, आग्रह नाही, काही नाही! आत्या दोन महिने अर्धपोटी राहिली. "मला वाटलं, या देशात माणसं जगतात कशी," असं ती अजून सांगते.

मग बॅलिनारला आले. पहिल्याच आठवड्यात समोरच्या शेतावरच्या हॅनरहनबाई घरी केलेला पाव घेऊन आल्या. आत्यानं चहा विचारला. त्या म्हणाल्या, "नको, नको, तुम्हाला कामं असतील." आत्यानं पुन्हा विचारलं. "छे, मी आत्ताच घेऊन आले." आत्यानं तिसऱ्यांदा विचारलं, तेव्हा बाई खुर्ची ओढून बसल्या अन् दोन कप प्याल्या. त्या गेल्यावर आत्या मोरीपाशी उभी राहून रडली म्हणे, आनंदानं. संध्याकाळी काकांना सांगितलं, "अहो, ही माणसं तर आपल्यातलीच आहेत!"

तेव्हापासून ती तिथली झाली. तालुक्याच्या छोट्या हॉस्पिटलात तिनं एकतीस वर्षं लॅबमध्ये काम केलं, त्यामुळे या चार गावांत असा एक माणूस नाही ज्याचं रक्त आत्यानं काढलेलं नाही. ती माणसं शिरांवरून ओळखते. "बर्नाडेट ना, पोस्टातली? डावा हात. उजव्यात काही गवसत नाही." काका सहा वर्षांपूर्वी गेले. आत्या आता त्र्याहत्तरची आहे. गुडघे कुरकुरतात, बाकी ठणठणीत. जिभेला तर काहीच झालेलं नाही.

तिचा मुलगा, माझा आतेभाऊ शंतनुदादा, कॅल्गरीत तेलाच्या कंपनीत इंजिनिअर. माणूस सोन्यासारखा, पण इथंच जन्मलेला. त्याला 'नको' म्हटलं की ते 'नको'च ऐकू येतं. बिचाऱ्याचा दोष नाही, शाळेत तसंच शिकवतात. आणि त्यामुळेच मागच्या हिवाळ्यात आत्याचं घर जायची वेळ आली.

झालं असं. आत्याच्या दारापासून रस्त्यापर्यंत दोनशे मीटरची लेन आहे. लेक हुरॉन या सरोवरावरून बर्फ आला की ती लेन पार बुजते. काका गेल्यापासून ती साफ करायचा मिक हॅनरहन, त्या पाववाल्या बाईंचा थोरला. त्याला कुणी सांगितलं नव्हतं, त्यानं कुणाला विचारलं नव्हतं. सकाळी उठून बघावं तर लेन मोकळी. मिक गेल्या वसंतात वारला. मागे राहिला धाकटा कॉन, शहात्तर वर्षांचा, बिनलग्नाचा, तोंडातून शब्द काढायचा तर पाच मिनिटं घेणारा. ट्रॅक्टर तोच, बर्फ उडवायचं यंत्र तेच, पण आता कॉननं आधी रीतसर विचारणं भाग होतं.

नोव्हेंबरातल्या एका रविवारी तो दारात आला. मी तिथंच होते, ग्रोसरी घेऊन गेले होते. टॅबलेटवर शंतनुदादा व्हिडिओ कॉलवर होता. पुढचं सगळं इंग्रजीत झालं, मी मराठीत सांगतेय.

"हिवाळा येतोय," कॉन टोपी हातात फिरवत म्हणाला. "तुमची लेन करून टाकेन म्हणतो."

"छे छे कॉन, उगाच कशाला त्रास!" आत्या म्हणाली.

"यंत्र तसंही बाहेर काढावंच लागतं."

"नको रे, तुला तुझं काम काय कमी आहे!"

झाले दोन नकार. कॉननं श्वास घेतला. आत्यानं चेहऱ्यावर आधीच होकार आणून ठेवला होता. अन् तेवढ्यात टॅबलेटमधून आमचे दादा कडाडले, "थँक्स कॉन, बट वी आर गुड! वी विल हायर समवन!"

कॉननं टॅबलेटकडे बघितलं. "असं होय," म्हणाला, टोपी घातली अन् निघून गेला. आत्या खुर्चीत मटकन बसली. मला वाटलं चक्कर आली.

"काय झालं गं?" मी म्हटलं.

"पन्नास वर्षांत या गावात कुणी कुणाला खरंखुरं नाही म्हटलं नव्हतं," आत्या म्हणाली. "माझ्या पोरानं म्हटलं."

दादानं शहरातला एक कंत्राटदार लावून दिला. तो दोनदा आला. तिसऱ्यांदा बर्फ पडल्यावर त्याचा फोनच लागेना. जानेवारीत वादळ आलं अन् आत्या चार दिवस घरात अडकून पडली. पीठ होतं, डाळ होती, ती काही घाबरली नाही. पण दादा कॅल्गरीत बसून पार हवालदिल झाला. त्यानं फर्मान काढलं: फेब्रुवारीत फॅमिली डेच्या सुट्टीला मी येतोय. मला गाडी दारापर्यंत नेता आली तर ठीक, नाही तर घर विकायला काढायचं अन् आई कॅल्गरीला. त्याच्याच बिल्डिंगमध्ये कॉन्डो बघून ठेवलाय, बाराव्या मजल्यावर, बर्फाचा संबंधच नाही.

"बाराव्या मजल्यावर मी कुणाचं रक्त काढू?" आत्या मला फोनवर म्हणाली. मग फोन ठेवूनच दिला. ही बाई स्वतःहून फोन ठेवते म्हणजे काय?

मी शनिवारी विंटर टायर्सच्या भरवशावर निघाले, गाडी रस्त्यावरच ठेवली अन् लेनमधून पायवाट शोव्हल करत, म्हणजे फावड्यानं बर्फ उपसत, आत गेले. दोन तास! कंबर मोडली. आत जाऊन पहिलं वाक्य तेच बोलले, "आत्या, कॉनला फोन कर. म्हणावं, लेन करून दे. विषय संपला."

"वेडी आहेस का? तोंडानं मागायचं?"

"मग काय पायानं?"

"सुरे, जिभेला हाड आहे का तुझ्या! इथं मागत नाहीत. त्यानं पुन्हा विचारलं पाहिजे, म्हणजे मला दोनदा नाही म्हणता येईल. अन् त्यानं पुन्हा विचारावं म्हणून त्याच्या कानावर गेलं पाहिजे."

"काय गेलं पाहिजे?"

"की मला काही नको."

मी कपाळाला हात लावला. आत्यानं तोवर बूट घातले होते.

आधी डूलिन्स कॉर्नर्सला गेलो. चीज फॅक्टरीपाशी, म्हणजे जिथं काही नाही तिथं, वळायला मी आता शिकलेय. दुकानात पोस्टाच्या खिडकीत बर्नाडेट बसलेली. आत्यानं सहा तिकिटं घेतली. पत्रं कुणाला लिहिणार, देव जाणे.

"कशी आहेस उमा?"

"अगदी मजेत. मला कशाचीच गरज नाही बघ."

"अन् लेन?"

"लेनचं काय! चालायला मिळतं, गुडघ्यांना बरं."

बर्नाडेटनं खिडकीतून वाकून आत्याचे बूट बघितले. घोट्याच्या वर वीतभर ओले होते. "हं," एवढंच म्हणाली. बाहेर आल्यावर आत्या खूश! म्हणाली, "संध्याकाळपर्यंत बातमी सेंट कोलम्स ओलांडेल."

मग ड्रमोर मिल्स. गिरणीत आत्यानं पाखरांचे दाणे घेतले, पाच किलोची पिशवी. म्हाताऱ्या गिरणीवाल्यानं विचारलं, गाडीत ठेवून देऊ का, घरापर्यंत पोचवू का. "नको, नको," आत्या म्हणाली, "मी आपली रस्त्यापासून उचलून नेईन, दोनशे मीटर म्हणजे काय!" शेवटी सेंट कोलम्सचा हॉल. रविवारच्या जेवणासाठी तळघरातल्या स्वयंपाकघरात आठ-दहा बायका बटाटे सोलत होत्या. आत्यानं शिऱ्याचा डबा ठेवला, तीही बटाटे सोलायला बसली अन् अर्धा तास मला काही नको, मला काही नको, असा जप केला. बायका माना हलवत होत्या. एक म्हणाली, "कॅल्गरी छान आहे म्हणे." आत्या म्हणाली, "हो, फार छान आहे." तिच्या हातातली सुरी थांबली, डोळे भरले. तिनं बटाटा बदलला अन् पुन्हा सोलू लागली. बायका आपापले बटाटे सोलत राहिल्या. मला मात्र तिथंच ओरडावंसं वाटलं की अहो, हिला जायचं नाहीये!

परतताना हॅनरहनांच्या फाटकापाशी आत्या म्हणाली, "हळू घे." या भागात समोरून गाडी आली, कुणी दारात दिसलं, की स्टिअरिंगवरून एक बोट उचलायचं, अन् समोरच्यानं पण. न उचलणं म्हणजे वैर. कॉन ओसरीवर लाकडं रचत होता. मी बोट उचललं. आत्यानं तर अख्खा हात. कॉननं बघितलं अन् खाली वाकून लाकूड उचललं.

"त्यानं बघितलं नसेल," मी म्हटलं.

"बघितलं," आत्या म्हणाली.

आठवडा गेला, काही नाही. फॅमिली डेच्या आदल्या रात्री वीस सेंटीमीटर बर्फ पडला. सोमवारी सकाळी शंतनुदादाला विमानतळावरून घेऊन मी बॅलिनारला पोचले, तर लेन म्हणजे नुसतं पांढरं शेत. दादा कॅल्गरीच्या ऑफिसचे बूट घालून गुडघाभर बर्फातून निघाला. दर दहा पावलांना इंग्रजीत काहीतरी म्हणत होता, ते मी इथं सांगत नाही. आत गेल्यावर मोजे काढून हीटरवर ठेवले अन् लॅपटॉप उघडला.

"मॉम, आय ऍम सॉरी. आय ऍम ईमेलिंग द एजंट."

"जेवून तर घे," आत्या म्हणाली. पानात पिठलं वाढलं.

तेवढ्यात रस्त्याकडून ट्रॅक्टरचा आवाज आला. आम्ही तिघं खिडकीशी. कॉनचा ट्रॅक्टर लेनच्या तोंडाशी येऊन उभा राहिला, पुढे यंत्र लावलेलं. अन् तो तिथंच थांबला! इंजिन चालू ठेवून कॉन खाली उतरला अन् दोनशे मीटर बर्फ तुडवत चालत दारापर्यंत आला. नाही म्हटलेल्या लेनमध्ये ट्रॅक्टर घालायचा नाही म्हणून. शहात्तर वर्षांचा माणूस!

आत्यानं दार उघडलं. कॉनच्या भुवयांवर बर्फ होता.

"इकडून चाललो होतो," तो म्हणाला. इकडून कुठं जायला रस्ताच नाही. "बराच पडलाय."

"वितळेल की," आत्या म्हणाली. झाला एक.

"यंत्र लावलेलंच आहे, आयतं."

"तुझं स्वतःचं अंगण आहे ना आधी." झाले दोन.

आता तिसरं. कॉननं मान वर केली, तर मागे शंतनुदादा दिसला. दादानं तोंड उघडलं. मी त्याच्या पायावर पाय दिला, बूट घातलेला, त्याच्या पायात मोजासुद्धा नव्हता. पण व्हायचं ते झालं. कॉननं दादाकडे बघितलं, ओठ मिटले, टोपी डोक्यावर दाबली.

"बरं तर," म्हणाला अन् वळला.

एक पायरी उतरला. दुसरी उतरला. मी आत्याकडे बघत होते. पन्नास वर्षांचा तिचा शिष्टाचार तिला तोंड उघडू देत नव्हता. खरं सांगते, मला वाटलं गेलं हे घर. बाराव्या मजल्यावर हिची खुर्ची मांडलेली मला दिसायला लागली.

"कॉन!" आत्या ओरडली. एवढ्या मोठ्यानं मी तिला कधी ओरडताना ऐकलं नव्हतं. "मला लेन करून हवी आहे. या वर्षी, पुढच्या वर्षी, दरवर्षी. तू नाही केलीस तर मला इथून जावं लागेल, अन् मला जायचं नाही."

कॉन पायरीवर तसाच उभा. त्याचे कान लाल झाले होते, थंडीनं की कशानं, कोण जाणे. मला वाटलं आता हा रागावणार. तोंडावर मागणारी बाई बॅलिनारनं बघितली नव्हती.

"करतो," तो म्हणाला. मग नेहमीची पाच मिनिटं घेऊन पुढचं वाक्य बोलला. "मिक गेल्यापासून मला कुणी काही सांगितलंच नाही. सगळे म्हणतात, नको, नको. मला वाटलं, माझ्याकडून होणार नाही असं वाटतं लोकांना."

"अरे मेल्या!" आत्या चक्क मराठीत म्हणाली अन् तोंडाला पदर लावावा तसं शालीचं टोक लावून रडायला लागली. कॉन घाईघाईनं लेनमधून निघून गेला. बाईचं रडणं बघायची पण तिकडं रीत नसावी.

मग आम्ही खिडकीतून बघत बसलो. यंत्र बर्फाचा फवारा उडवत वर आलं, दारापाशी वळलं, खाली गेलं, पुन्हा वर आलं. कॉननं लेन एवढी रुंद काढली की दोन गाड्या शेजारून जातील. आत्या मध्येच म्हणत होती, "त्या मेपलच्या मुळांना सांभाळ म्हणावं." अन् तो सांभाळत होता.

शंतनुदादा पाय चोळत बसला होता. पिठलं गार झालं होतं. त्यानं लॅपटॉप मिटला.

"आय नेव्हर आस्क्ड यू, आई," तो म्हणाला. "कॅल्गरीचं. आय जस्ट टोल्ड यू."

"मी तरी कुठं सांगितलं?" आत्या म्हणाली. "तू म्हणायचास, ये, अन् मी म्हणायचे, बघू. मला वाटायचं, तू समजून घेशील."

"आय डिडन्ट."

"हो, नाही घेतलंस."

बाहेर ट्रॅक्टरची घरघर चालू होती. मग दादानं आपलं मोडकंतोडकं मराठी जुळवलं. शाळेनंतर तो माझ्यासमोर कधी पूर्ण वाक्य मराठीत बोलला नव्हता.

"आई, तुला कुठं राहायचं आहे?"

त्यानं एकदाच विचारलं. आत्यानं एकदाच उत्तर दिलं.

"इथं," ती म्हणाली, अन् त्याचं पान गरम करायला उचललं.